स्नॅपशॉट तिन्ही व्हॉल्यूमचे होते, तरी डेटाबेस उठला नाही

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचा सर्व्हर मी सांभाळतो. पेढीचं नाव राहू दे, काम सांगतो म्हणजे पुढचं समजेल. शेतकऱ्याची हळद येते, लॉट लागतो, सौदा निघतो, काट्यावर वजन होतं आणि अडत, हमाली, तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी निघते. हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसात आहे. काट्याची पावती आणि सही झालेली पट्टी स्कॅन करून वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, डेटाबेसात फक्त त्या फाइलचा पत्ता असतो.

सर्व्हर लिनक्सचा, खाली एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची सोय. अशा वाटलेल्या जागांना व्हॉल्यूम म्हणतात, त्या तीन आहेत. 'डेटा'वर टेबलांच्या फाइली, 'वॉल'वर पोस्टग्रेसचा राइट-अहेड लॉग (प्रत्येक बदल टेबलाआधी ज्यात लिहिला जातो ती नोंदवही), 'स्कॅन'वर कागद. सौदे सुरू असताना नोंदी एकदम पडतात म्हणून वॉल मी मुद्दाम वेगळ्या एसएसडीवर ठेवला होता.

रात्री 1 वाजता स्क्रिप्ट चालायची. आधी 'डेटा'चा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचा गोठवलेला फोटो, घ्यायचा, तो माउंट करून नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर, कॉपी करायचा, स्नॅपशॉट काढून टाकायचा. मग 'स्कॅन'चं तेच, मग 'वॉल'चं तेच. एकेक करून घ्यायचं कारण एवढंच की व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा कमी होती, तीन स्नॅपशॉट एकदम उघडे ठेवायची मला भीती वाटायची. सगळं व्हायला दीड तास लागायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, गेला. रात्रीचीच कॉपी हाताशी आहे म्हणून मी निर्धास्त होतो. दुसऱ्या मशीनवर ती लावली तर पोस्टग्रेस उठेचना. लॉगमध्ये एकच तक्रार, वैध चेकपॉइंटची नोंद सापडत नाही. तिन्ही फाइल सिस्टीम तपासल्या, एकातही दोष नाही. आदल्या रात्रीची, म्हणजे रविवारची कॉपी लावली, ती एका झटक्यात उठली. सोमवारचा अख्खा दिवस गेला. 140 पट्ट्या कागदावरून परत चढवल्या. दिवाणजी आणि दोन पोरं रात्री अकरापर्यंत बसली होती. पैसे न्यायला आलेल्या शेतकऱ्यांना 'उद्या या' म्हणावं लागलं, त्यातले काही जतवरनं आलेले. ते माझ्या मनातून जात नाही.

गेल्या दिवाळीत मी रिस्टोअर करून बघितलं होतं, तेव्हा चाललं होतं. मग आता काय झालं? प्रत्येक स्नॅपशॉट नीट असताना तिन्ही एकत्र लावल्यावर का चालू नये?

वारणाकाठ

वाईट झालं दादा. मी अकाउंट्सचा माणूस, सर्व्हरमधलं फार कळत नाही. पण पोस्टग्रेसला तो वॉल लॉग रीसेट करायची आज्ञा असते असं वाचलंय. ती चालवून उठवला असता तर सोमवारचा दिवस वाचला असता ना?

कराड_संगम

वारणाकाठ, तसं करू नका आणि कुणाला सांगूही नका. ती आज्ञा सगळे दरवाजे बंद झाल्यावर मोडक्या घरातून सामान बाहेर काढण्यासाठी आहे. लॉग पुसला की डेटाबेस उठतो खरा, पण अर्धवट लिहिलेली पानं तशीच अर्धवट राहतात आणि कुठलं अर्धवट आहे ते सांगायला कुणी उरत नाही. पट्टी निघाली पण खात्यात चढली नाही, इंडेक्समध्ये, म्हणजे शोधायच्या सूचीत, ओळ आहे पण टेबलात नाही, असे प्रकार महिन्यांनी सापडतात. चालवावीच लागली तर त्या डेटाबेसातून ताबडतोब डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची प्रत, काढायचा, नव्या कोऱ्या क्लस्टरमध्ये, म्हणजे नव्यानं मांडलेल्या पोस्टग्रेसमध्ये, भरायचा आणि एकेक आकडा कागदाशी ताडायचा. पैशाच्या हिशोबाला त्याच्यावर विसंबून राहायचं नाही.

आता हरिपूरकर, तुमचा मूळ प्रश्न. तुमच्याच धंद्यातलं सांगतो.

पेढीची एक वखार यार्डात आहे आणि दुसरी कुपवाडला, असं धरा. साठा मोजायचाय. सकाळी 10 ला यार्डातली पोती मोजली, 400 भरली. तिथनं निघून कुपवाडला पोचून 11.30 ला मोजलं, 250 भरली. मधल्या वेळात यार्डातनं 50 पोत्यांचा टेंपो कुपवाडला उतरला. तुमच्या वहीत 650 पोती आली, हळद मात्र 600 पोतीच आहे. यार्डातली मोजणी चुकली का? नाही. कुपवाडची? तीही नाही. दोन्ही मोजण्या आपापल्या वेळेला खऱ्या आहेत. बेरीज खोटी आहे, कारण दोन्ही वखारींनी एकत्र असा क्षण कधी बघितलेलाच नाही.

तुमच्या 'डेटा'ची वेळ 1 आहे आणि 'वॉल'ची जवळजवळ 2.30. या दोन वेळा मिळून एक डेटाबेस होत नाही.

नेमकं काय बिघडलं तेही सांगतो. पोस्टग्रेसचा नियम असा की टेबलाचं पान डिस्कवर जायच्या आधी त्या बदलाची नोंद वॉलमध्ये डिस्कवर गेलेली असली पाहिजे. अधूनमधून, काही बदललं नसेल तर कमी वेळा, तो चेकपॉइंट घेतो. म्हणजे इथपर्यंतचं सगळं टेबलांत उतरलंय अशी खूण करतो. शेवटची खूण वॉलमध्ये कुठं आहे हे एका छोट्या कंट्रोल फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाइल 'डेटा'वर असते. वॉलचे तुकडे मूळ मापानं 16 एमबीचे. चेकपॉइंट झाला की त्याच्या मागचे तुकडे लागत नाहीत, मग पोस्टग्रेस त्यांचीच नावं बदलून पुढच्या लिखाणाला वापरतो.

आता तुमची सोमवारची रात्र बघा. 1 वाजता कंट्रोल फाइल म्हणते, 'माझी खूण अमुक तुकड्यात आहे.' पुढच्या दीड तासात दाबून लिखाण झालं, चेकपॉइंट झाले, तो तुकडा दुसऱ्या नावानं पुढं वापरला गेला. 2.30 ला तुम्ही वॉलचा फोटो घेतला, त्यात तो तुकडा नाहीच. डेटाबेस खूण शोधतोय, खूण पुसली गेलीय.

शांत रात्री लिखाण नसतं, तोच तुकडा जागेवर असतो, म्हणून चालून जातं. तुम्ही दिवाळीत तपासलंत तेव्हा हळदीचा सीझन नव्हता. रात्री 1 ते 2.30 मध्ये काही चालतं का हो तुमच्याकडं?

हरिपूरकर

काका, चालतं. सीझनमध्ये रात्री सव्वाला खतावणी लागते, दिवसभराच्या पट्ट्या शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या खात्यांना चढतात. रविवारी सौदे नसतात म्हणून खतावणीही नसते.

तुमचा प्रतिसाद वाचून आज नॅसवरच्या मागच्या सात कॉप्या एकेक करून लावून बघितल्या. फक्त रविवारची उठली. सहा उठल्या नाहीत, कारण सगळ्यांचं तेच. म्हणजे गेला महिनाभर आठवड्यातून एकच दिवस आमच्याकडं बॅकअप होता आणि रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा मेल मी वाचत होतो.

क्रम उलटा केला तर? आधी वॉल, मग डेटा?

कराड_संगम

उलटा केला तर आणखी वाईट. आज वॉल पुढं आणि टेबलं मागं आहेत, तुकडे शाबूत असले तर निदान मागचं पुढं आणता येतं. उलट्या क्रमात टेबलं 2.30 ची आणि वॉल 1 चा. टेबलांत असे बदल असतील ज्यांची वॉलमध्ये नोंदच नाही. पुढचं मागं आणायची सोय या रचनेत नाही.

तीन स्नॅपशॉट लागोपाठ दोन-चार सेकंदांत घेऊन मग निवांत कॉपी करणं हे आहे त्यापेक्षा बरं. डेटा आधी आणि वॉल नंतर असेल तर बहुतेक वेळा उठेल. पण 'बहुतेक वेळा' हेच तर तुमचं दुखणं आहे. पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतच सांगितलंय की टेबलं आणि वॉल वेगळ्या फाइल सिस्टीमवर असतील तर स्नॅपशॉट नेमके एकाच क्षणाचे पाहिजेत. नसतील तर स्नॅपशॉट होईपर्यंत डेटाबेस बंद तरी करा, नाहीतर बेस बॅकअपची रीत तरी वापरा. एलव्हीएम एका व्हॉल्यूमचा फोटो अखंड काढतो, त्या वेळी वरची फाइल सिस्टीम स्वतःच गोठवतो. तीन व्हॉल्यूमचा मिळून एक फोटो मात्र तो काढत नाही.

जागेची भीती रास्त आहे. जुन्या पद्धतीच्या एलव्हीएम स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो स्नॅपशॉट बाद होतो. म्हणून जागा वाढवा, एकेक करून घेऊ नका.

वखारीवर परत येतो. बरोबर मोजायला रस्ते दोन. पहिला, दोन्हीकडं फोन लावून सांगायचं, 'हमाल थांबवा, टेंपो हलवू नका', दोन्हीकडं एकदम आकडा टिपायचा आणि मग सोडायचं. याला ग्रुप स्नॅपशॉट म्हणतात. मोठ्या स्टोरेजमध्ये कन्सिस्टन्सी ग्रुप असतो तो हाच. गटातल्या सगळ्या व्हॉल्यूमची लिखाणं क्षणभर अडवायची, सगळीकडं खूण मारायची, सोडून द्यायचं. अडवण्याचा काळ अगदी थोडा असतो. कॉपी मागून कितीही वेळ चालो, खूण एकाच क्षणाची आहे.

दुसरा रस्ता, काम थांबवायचं नाही, पण मोजणी सुरू होताना आणि संपताना गेटवरच्या रजिस्टरात रेघ मारायची आणि मधे आतबाहेर गेलेलं प्रत्येक पोतं लिहून ठेवायचं. नंतर त्या रजिस्टरावरून दोन्ही आकडे एका वेळेला आणता येतात. पोस्टग्रेसची बेस बॅकअपची रीत ही अशी आहे. 'पीजी बॅकअप स्टार्ट' म्हणायचं, 'डेटा'चा स्नॅपशॉट घ्यायचा, 'पीजी बॅकअप स्टॉप' म्हणायचं आणि मधला सगळा वॉल आर्काइव्हमध्ये जपायचा. 15 व्या आवृत्तीपासून ही नावं, त्याआधी 'पीजी स्टार्ट बॅकअप' होतं. दोन गोष्टी विसरू नका. स्टार्टपासून स्टॉपपर्यंत तेच कनेक्शन उघडं राहिलं पाहिजे. आणि स्टॉप जे लेबल परत देतो ते बॅकअपबरोबर फाइल म्हणून ठेवलंच पाहिजे, नाहीतर रिकव्हरी कुठनं सुरू करायची ते त्याला कळत नाही.

या प्रश्नावर चँडी आणि लॅम्पोर्ट या दोघांचा 1985 चा शोधनिबंध आहे. अनेक ठिकाणी पसरलेल्या व्यवस्थेची कुणालाही न थांबवता सुसंगत नोंद कशी घ्यायची, हा त्याचा विषय. वाटेतला टेंपोही मोजणीत धरा, हा त्यातला गाभा आहे. चाळीस वर्षं झाली, कोडं तेच आहे.

तंबोरा

मिरजेतून लिहितेय. आमच्याकडं रुग्णालयातल्या स्कॅनच्या प्रतिमा साठवायची व्यवस्था मी बघते. हरिपूरकर, डेटाबेसचं काकांनी सांगितलंच, पण तुमच्या तिसऱ्या व्हॉल्यूमकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

आमच्याकडं हेच आहे. डेटाबेसात रुग्णाच्या तपासणीची ओळ आणि प्रतिमा दुसऱ्या व्हॉल्यूमवर. दोघांचे स्नॅपशॉट वेगळ्या वेळचे असले तर दोन प्रकारची चूक होते आणि दोन्ही सारख्या नाहीत. फाइल आहे पण तिची ओळ नाही, हे चालवून घेता येतं. अनाथ फाइल पडून राहते, नंतर शोधून जोडता येते. ओळ आहे पण फाइल नाही, हे चालत नाही. डॉक्टर पडद्यावर तपासणी उघडतात आणि तिथं काही नसतं. तुमच्याकडं पट्टीची नोंद दिसेल आणि सही केलेला कागद दिसणार नाही. उद्या वाद झाला तर तो कागदच पुरावा.

म्हणून आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांकडून क्रम पक्का करून घेतला. आधी फाइल लिहायची, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करायची, त्यानंतर डेटाबेसात ओळ कमिट, म्हणजे पक्की, करायची. हा क्रम असला की एकाच क्षणाच्या ग्रुप स्नॅपशॉटमध्ये फाइल नसलेली ओळ येऊच शकत नाही. क्रम उलटा असेल तर ग्रुप स्नॅपशॉटही वाचवणार नाही, कारण तो त्या क्षणी डिस्कवर जे आहे तेच घेणार.

आणि एकाच क्षणाचा स्नॅपशॉट जमतच नसेल तर आधी डेटाबेस, मग फाइली. आमच्या प्रतिमा एकदा आल्या की बदलत नाहीत, त्यात फक्त भर पडते. त्यामुळं फाइलींचा स्नॅपशॉट उशिराचा असला तर डेटाबेसातल्या प्रत्येक ओळीची फाइल त्यात असतेच, चार जास्त असतील इतकंच. फाइली पुसायचं काम मात्र बॅकअपच्या वेळात चालू द्यायचं नाही. आम्ही ते रविवारी दुपारी ठेवलंय.

हरिपूरकर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारून घेतो सॉफ्टवेअरवाल्याला, कुठला क्रम आहे ते.

तासगावचा_बेदाणा

बेदाण्याच्या शीतगृहात काम करतो. आमचं सगळं विंडोज सर्व्हर आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर आहे, डेटा डी ड्राइव्हवर, लॉग ई ड्राइव्हवर. हा धागा वाचून धसका घेतला आणि बघायला बसलो. आमचं बॅकअप सॉफ्टवेअर व्हीएसएस वापरतं असं दिसलं. म्हणजे आम्ही सुरक्षित आहोत का?

कराड_संगम

बेदाणा, बहुतेक आहात, पण खात्री करून घ्या. व्हीएसएस म्हणजे विंडोजची व्हॉल्यूम शॅडो कॉपी, सर्व्हर 2003 पासून आहे. त्यात अनेक ड्राइव्हचा मिळून एक शॅडो कॉपी संच करता येतो आणि तो एकाच क्षणाचा असतो. वर आणखी एक सोय. एसक्यूएल सर्व्हरसारख्या प्रोग्रामांचा 'रायटर' असतो, त्याला आधी निरोप जातो की आता फोटो निघणार आहे, सावर. तो हातातलं लिखाण आवरून थांबतो. प्रोग्रामला जास्तीत जास्त 60 सेकंद थांबवता येतं आणि फाइल सिस्टीमची लिखाणं प्रत्यक्ष फोटोपुरती 10 सेकंदांपर्यंत.

बघायचं एवढंच की डी आणि ई दोन्ही एकाच बॅकअप जॉबमध्ये आहेत का. डी चा जॉब रात्री 11 ला आणि ई चा 12 ला असे वेगळे लावलेले असतील तर तुम्ही हरिपूरकरांच्याच नावेत आहात. आणि 'व्हीएसएस-अ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' ही आज्ञा चालवून एसक्यूएलचा रायटर निरोगी दिसतोय का ते बघा.

तासगावचा_बेदाणा

वेगळेच जॉब होते काका. डी रात्री 10 ला, ई पहाटे 4 ला. आत्ता एक केले. तीन वर्षं तसंच चाललं होतं.

वारणाकाठ

एक शंका. ग्रुप स्नॅपशॉट घेतला की डेटाबेसला थांबवायची, निरोप द्यायची गरज राहत नाही, असं धरायचं का?

कराड_संगम

चांगली शंका आहे. निरोप न देता घेतलेला ग्रुप स्नॅपशॉट म्हणजे ऐन कामात वीज गेली आणि सगळ्या डिस्क एकाच क्षणी थांबल्या, अगदी ती अवस्था. याला क्रॅश-कन्सिस्टंट म्हणतात. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन वीज गेल्यावर स्वतः सावरायला शिकलेलं आहे. लॉग वाचतं, अर्धवट व्यवहार मागं घेतं, उठतं. त्यामुळं त्यांना ग्रुप स्नॅपशॉट पुरतो. मायएसक्यूएलच्याच जुन्या मायआयएसएएम टेबलांना असा लॉगच नसतो, ती वीज गेल्यावर मोडू शकतात आणि मग दुरुस्त करत बसावं लागतं. अशांना आधी थांबवलंच पाहिजे.

तुम्ही रोज वापरता तो प्रोग्राम वीज गेल्यावर नीट उठतो का, हे विचारा. उठत असेल तर ग्रुप स्नॅपशॉटवरूनही उठेल. नसेल तर ग्रुपनं तो उठणार नाही.

अजिंक्यतारा

साताऱ्याचा, सध्या पुण्यात कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेवर, काम. आमच्याकडं एका अ‍ॅप्लिकेशनची आठ-दहा व्हॉल्यूम असतात आणि ती वेगवेगळ्या मशीनवर विखुरलेली. एका व्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घ्यायची सोय 1.20 आवृत्तीत, म्हणजे 2020 च्या डिसेंबरात पक्की झाली. गटाचा स्नॅपशॉट मात्र 2023 मध्ये 1.27 ला अल्फा म्हणून आला आणि 1.32 ला, 2024 च्या डिसेंबरात, बीटा झाला. मधल्या वर्षांत लोकांनी हरिपूरकरांसारख्याच स्क्रिप्ट लिहिल्या, त्यात मीही होतो.

वापरायला सोपा आहे. ज्या व्हॉल्यूम एकत्र धरायच्या त्यांच्या क्लेमवर, म्हणजे व्हॉल्यूमच्या मागणीच्या नोंदीवर, एकच लेबल लावायचं आणि ग्रुप स्नॅपशॉट मागताना ते लेबल सांगायचं. खालच्या स्टोरेज ड्रायव्हरला गटाची सोय पाहिजे, सगळ्यांना नसते, आधी तपासा. परत लावताना गट एका आज्ञेत लागत नाही. गटातल्या प्रत्येक स्नॅपशॉटमधून एकेक व्हॉल्यूम तयार करावी लागते. त्यामुळं सगळ्या व्हॉल्यूम एकाच गटाच्या उचलल्यात ना, हे माणसानं नाहीतर स्क्रिप्टनं बघायचं. एकदा आमच्याकडं दोन व्हॉल्यूम मंगळवारच्या आणि एक बुधवारची लागली होती.

नवी व्हॉल्यूम जोडताना तिच्यावर लेबल लावायला विसरणं हा दुसरा धोका. गट छान चाललेला असतो, फक्त नवी व्हॉल्यूम त्यात नसते. कुणी ओरडत नाही, कारण काही अडलेलंच नसतं. आम्ही आता रोज दोन याद्या जुळवतो, अ‍ॅप्लिकेशनच्या व्हॉल्यूमची आणि गटातल्या व्हॉल्यूमची.

अ‍ॅमेझॉनच्या ईबीएसवर, म्हणजे भाड्याच्या क्लाउड डिस्कवर, ज्यांचं काम आहे त्यांना 2019 पासून एका मशीनला जोडलेल्या सगळ्या व्हॉल्यूमचा एकत्र स्नॅपशॉट एका मागणीत घेता येतो. तोही क्रॅश-कन्सिस्टंट.

कोयना_नगर

आमच्याकडं प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एका यंत्रात अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीवर, एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये सगळं आहे. मशीनच्या बॅकअपमध्ये तिच्या सगळ्या डिस्क एकत्रच घेतल्या जातात आणि आत गेस्ट एजंट हा मदतनीस प्रोग्राम बसवलेला असला तर तो आतली फाइल सिस्टीम क्षणभर गोठवतो. लहान कार्यालयांना हे सगळ्यात सोपं. पण डेटाबेस एका मशीनमध्ये आणि फाइली दुसऱ्या मशीनमध्ये असतील तर त्या दोन मशीनमधला फरक राहतोच, तिथं तंबोरा ताईंचा क्रम पाळा.

कृष्णाकाठ

विषय स्नॅपशॉटचा आहे, पण सांगलीचा धागा आहे म्हणून सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमचा सर्व्हर तळमजल्यावर, त्याच्या शेजारच्या कपाटात नॅस. दोन्ही पाण्यात गेले. त्यावर किती स्नॅपशॉट होते याला काही अर्थ उरला नाही. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तो गेला. एक प्रत नदीपासून लांब, उंचावर पाहिजे. आम्ही आता विट्याला ठेवतो.

हरिपूरकर

सहा आठवड्यांनी लिहितोय, सीझनमुळं वेळ मिळाला नाही. सगळ्यांनी मनापासून सांगितलं म्हणून काय केलं ते सविस्तर लिहितो.

त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. बॅकअपची वेळ आणि खतावणीची वेळ वेगळी केली, आणि काकांच्या सांगण्याप्रमाणं बेस बॅकअप आणि वॉल आर्काइव्ह सुरू केलं. लेबलची फाइल ठेवायला पहिल्या रात्री विसरलोच होतो, दुसऱ्या दिवशी रिस्टोअर करून बघताना लक्षात आलं.

मग मालकांशी बोललो. त्या सोमवारच्या पट्ट्यांचा ढीग त्यांनीही बघितला होता, त्यामुळं नव्या मशीनला नाही म्हणाले नाहीत. आता झेडएफएस ही फाइल सिस्टीम घातलीय. एका मुख्य डेटासेटखाली डेटा, वॉल आणि स्कॅन असे तीन डेटासेट, म्हणजे झेडएफएसमधले वेगळे भाग, आहेत. स्नॅपशॉटच्या आज्ञेला खालच्या सगळ्यांना धरणारा 'आर' लावला की तिन्हींचा फोटो एकाच क्षणाचा निघतो, मधे फट नाही. दर तासाला घेतो. रात्री फक्त बदललेला भाग विट्याला एका नातेवाइकांच्या दुकानात ठेवलेल्या मशीनवर जातो. कृष्णाकाठ, ही जागा तुमच्यामुळं सुचली.

वॉल आर्काइव्ह बंद केलेलं नाही. ग्रुप स्नॅपशॉट मला तासाच्या काट्यावर परत नेतो, पण कुणी दुपारी 3.40 ला चुकून खातं पुसलं तर 3.39 ला जायला आर्काइव्हच लागतो.

दर शनिवारी जुन्या डेस्कटॉपवर आठवड्यातला कुठलाही एक स्नॅपशॉट लावतो आणि डेटाबेस उठवतो. नुसता उठला म्हणून थांबत नाही. पूर्ण डंप काढतो, म्हणजे प्रत्येक टेबल शेवटपर्यंत वाचलं जातं. इंडेक्स तपासतो. मग एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक पट्टीच्या ओळीपुढची स्कॅन फाइल खरंच आहे का ते बघते. सगळं झालं तरच मेल येतो, आणि त्यात शेवटच्या पट्टीचा नंबर असतो. तो नंबर मी दिवाणजींच्या वहीशी ताडतो.

पहिल्याच शनिवारी तीन ओळींना फाइल सापडली नाही. स्नॅपशॉट एकाच क्षणाचा होता, तरीही. सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं तर तंबोरा ताई म्हणाल्या तेच निघालं. प्रोग्राम आधी ओळ कमिट करायचा आणि स्कॅन मागाहून लिहायचा, आणि दुपारी 12 चा स्नॅपशॉट ऐन सौद्यात पडला होता. त्यानं क्रम बदलून दिला. त्यानंतरचे चारही शनिवार एकही ओळ फाइलीविना सापडली नाही.

तंबोरा

वाचून बरं वाटलं. एक विचारते, वॉलला वेगळी एसएसडी होती ना? झेडएफएसचा एकत्र स्नॅपशॉट एका पूलपुरताच, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कच्या एका संचापुरताच, असतो. एसएसडीचा वेगळा पूल केला असेल तर वॉल पुन्हा गटाबाहेर जाईल.

हरिपूरकर

ताई, आधी तसाच वेगळा पूल करणार होतो. आज्ञेचं पान वाचताना ही गोष्ट लक्षात आली आणि हात आवरला. एसएसडी आता त्याच पूलला लॉग डिव्हाइस, म्हणजे घाईची लिखाणं आधी झेलणारी डिस्क, म्हणून जोडलीय. सौद्याच्या वेळचा वेग जवळजवळ पहिल्यासारखा आहे आणि तिन्ही डेटासेट एकाच पूलमध्ये आहेत.